नेटमधली चिलटं

डोळ्यांसमोर काळी चिलटं उडायला लागली, तर आधी शेजारच्या बाईला विचारा, "तुला दिसतात का?" ती नाही म्हणाली तर तिच्याशी भांडत बसू नका. मी भांडले. म्हणूनच हे लिहायला बसले आहे. एका बैठकीत लिहून होत नाही, डोळा थकतो. जमेल तसं थोडं थोडं लिहिते, तुम्हीपण तसंच वाचा.

माझी नजर

मी रंजना. जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णीला राहते. आमच्याकडे शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट असतात, आणि बाया तिथं क्रॉसिंगला जातात. उद्या उमलणारी कळी आजच हातानं उघडायची, चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि खूण म्हणून रंगीत दोरा बांधायचा. कळी ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. एक केसर आत राहिलं तर बी भेसळीचं होतं, आणि मालकाचा प्लॉट नापास होतो. डोळ्यांचं काम आहे सगळं.

आणि माझे डोळे म्हणजे काय विचारता! हसनाबादला माहेरी शाळेत असतानाच फळा दिसेना म्हणून चष्मा लागला. दरवर्षी नंबर वाढत गेला. भिंगं एवढी जाड की माझे डोळे लोकांना बारीक दिसतात. चष्मा काढला तर समोरचा माणूस बाई आहे का बाप्या ते कळत नाही. पण तोच चष्मा कपाळावर सरकवून कळी उजव्या डोळ्यापाशी नेली, अगदी नाकाला लागेल अशी, की तिच्यातलं केसर न् केसर मोजून घ्या. माझ्या वयाच्या सगळ्या बायांना चाळिशी लागली, त्या कळी लांब धरून डोळे ताणतात. मला तसलं काही नाही. मला त्याची घमेंडच होती म्हणा ना.

माझ्या जोडीला गयाबाई असते. तिचं माझ्या उलट आहे. येणाऱ्या एसटीची पाटी तिला पार वेशीपासून वाचता येते, पण सुईत दोरा ओवायला माझ्याकडं येते. दोरीला बांधलेला चाळिशीचा चष्मा तिच्या गळ्यात असतो आणि तो घालायची तिला लाज वाटते. लांबचं तिनं बघायचं, जवळचं मी, असा आमचा संसार.

फवारा

दिवाळी होऊन गेल्ती. भाऊसाहेबांच्या प्लॉटवर क्रॉसिंग जोरात चालू होतं. एका सकाळी मी वाफ्यात वाकले आणि माझ्यासमोर चिलटं उडाली. काळी, बारीक, बरीच. हातानं हाकलली. परत आली.

"गयाबाई, नेटमधी किडे घुसले की गं!"

तिनं इकडं तिकडं पाहिलं. "कुठं? मला तर काहीच दिसून न्हाई राह्यलं."

"तुला जवळचं काय दिसतंय? तू गप बस."

ती गप बसली. बिचारी नेहमीच बसते.

मी भाऊसाहेबांना हाक मारली. प्लॉट त्यांचा, माणूस चांगला, पण किडीचं नाव काढलं की घामाघूम होतो. नेटमध्ये किडे ओळखायला पिवळी चिकट कार्डं टांगलेली असतात. ती त्यांनी एक एक पाहिली. कार्डं कोरी होती. "रंजनाबाई, यावर तर एकपण चिकटलेलं न्हाई."

"मंग मी काय खोटं बोलून राह्यली का? हे काय, हे इथं उडून राह्यले!"

माझ्या नजरेवर त्या माणसाचा एवढा भरवसा की त्यांनी कोऱ्या कार्डांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या नेटमध्ये फवारा मारला.

फवारा मारूनही चिलटं तशीच. त्यात कोपऱ्यातून मधूनच लख्ख चमकायला लागलं. मला वाटलं नेट फाटलं, भोकातून ऊन येतंय, आणि तिथूनच किडे आत येतात. भाऊसाहेब शिडी लावून भोक शोधत बसले. भोक कुठंच नव्हतं. एका जुन्या जोडावर त्यांनी उगीच ठिगळ लावलं, माझ्या समाधानासाठी.

संध्याकाळी घरी आले. पांढऱ्या भिंतीला पाठ टेकून प्रज्ञा, माझी मुलगी, अभ्यास करत होती. भिंतीवर चिलटं होती. मी डोळा फिरवला की तीपण फिरायची. मी थांबले की हळूहळू खाली बसायची. नेटमधले किडे घरापर्यंत कसे येतील? पण मी कोणाला बोलले नाही. चहात पडली असतील म्हणून चहा फेकून दिला आणि परत टाकला.

सावली

दोन-तीन दिवस असेच गेले. मंग एके दिवशी कळी उजव्या डोळ्यापाशी धरली, आणि अर्धीच दिसली. खालचा, नाकाकडचा भाग नव्हताच. काळपट सावली होती तिथं. दुसरी कळी घेतली. तीपण अर्धी. डावा डोळा मिटला, उघडला, परत मिटला. सावली हलेना.

हातातला चिमटा खाली पडला.

"गयाबाई, मला अर्धंच दिसून राह्यलं गं."

ती लगेच उठली, माझा हात धरला. पहिल्यांदा तिनं मला दटावलं. "चल. आताच्या आता चल. चप्पल घाल."

जालना

प्रज्ञाचे पप्पा लोडिंग रिक्षा चालवतात. जालन्याला माल घेऊन जातात म्हणून डोळ्याचा दवाखाना कुठं आहे ते त्यांना माहीत होतं. रस्ताभर ते माझ्यावर चिडचिड करत होते. "इतके दिवस झाले, तोंडानं सांगता येत न्हवतं?"

"काय सांगू? घरात चिलटं झाली म्हणून?"

मला माहीत आहे, घाबरले की ते असेच रागावतात. पण त्या दिवशी फार लागलं मनाला.

डॉक्टरांनी औषधाचे थेंब टाकले, बाहुली मोठी व्हायला बसवून ठेवलं. मंग कपाळाला दिवा बांधून आत पाहायला लागले. "वर बघा. खाली बघा. उजवीकडे." आधी ते बोलत होते, गाव कोणतं, काय करता. मधेच त्यांचं बोलणं बंद झालं. दवाखान्यात डॉक्टरचं बोलणं बंद होतं ना, त्यासारखी भीती दुसरी नाही. मी पदराचं टोक धरून बसले होते, ते ओलं झालं होतं.

"ताई, ती चिलटं नव्हती," ते म्हणाले. "डोळ्याच्या आत मागे एक पडदा असतो. मोठा नंबर असला की तो ताणून पातळ होतो. तुमचा फाटलाय आणि सुटायला लागलाय."

"चष्मा बदलून भागेल का?"

"नाही. ऑपरेशन लागेल. मधला भाग अजून चिकटून आहे, बारीक दिसतं ते त्याच्यामुळं. तो सुटायच्या आत संभाजीनगरला पोचा. घरी जाऊ नका, इथूनच जा."

"आणि सुटला तर?"

त्यांनी सरळ सांगितलं, गोड करून नाही. "तर नजर पहिल्यासारखी येईल असं मी म्हणणार नाही."

मी खाली मान घालून रडले. भिंतीवर देवनागरीतली अक्षरं लावलेली होती, वर मोठी, खाली बारीक. सगळ्यात खालची ओळ मी चष्मा काढून जवळ जाऊन वाचली असती, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात येत होतं.

हनुवटी

लोडिंग रिक्षात धक्के बसतील म्हणून प्रज्ञाच्या पप्पांनी ओळखीची जीप बघितली. मी मागं बसले, शेजारी ते. मी दोन्ही हातांनी डोकं धरून ठेवलं होतं, जणू पडदा हातानंच धरलाय. गतिरोधक आला की माझा जीव जायचा. ड्रायव्हरला मी इतक्यांदा "हळू हो, हळू" म्हटलं की त्यानं शेवटी गाणं बंद केलं.

मला एक खोड लागली. डावा डोळा मिटायचा आणि उजव्यानं त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं. जालना सुटलं तेव्हा मला त्यांचा सगळा चेहरा दिसत होता. बदनापूर आलं तोवर हनुवटी गेली.

"काय दिसून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"मिशी हाय अजून."

ते हसले नाहीत. मीपण नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला, ड्रायव्हरसमोर. आमच्यात असं कोणी करत नाही. मला त्यानं धीर आला नाही, उलट जास्त भीती वाटली. म्हटलं, म्हणजे खरंच जातोय डोळा. मी सारखी तपासत होते. अर्धी मिशी. मंग नुसता वरचा ओठ कुठं ते आठवायचं. "बिलकुल बघू नको आता," ते म्हणाले आणि त्यांनी माझा उजवा डोळा स्वतःच्या तळव्यानं झाकला. दवाखाना येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

ऑपरेशन

मोठ्या दवाखान्यात पट्टीवाले डोळे रांगेनं बसलेले. कोणाचा मोतीबिंदू, कोणाचं साखरेनं झालेलं. प्रत्येक जण दुसऱ्याला धीर देत होता आणि स्वतःचे पाय हलवत होता. एक म्हातारी मला म्हणाली, "भिऊ नको, दुखत न्हाई." तिचा नंबर आल्यावर ती देवाचा धावा करत आत गेली.

मला भूल फक्त डोळ्यापुरती दिली. तोंडावर हिरवं कापड. सगळं ऐकू येत होतं, आणि भूल दिलेल्या डोळ्यातसुद्धा काहीतरी काळं हलताना मला दिसत होतं. मी मनात त्रिशरण म्हणत होते, लहानपणी विहारात शिकलेलं. कधी ओठ हलायला लागले कळलं नाही. नर्स म्हणाली, "ताई, बोलू नका, डोकं हलतंय." मंग मी ओठ दाबून धरले आणि नुसती घाबरत राहिले. त्याचं काही औषध नव्हतं.

बाहेर आल्यावर मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "मधला भाग सुटायच्या बेतात होता. वेळेत आलात. आता आत गॅस भरलाय. गॅस वर चढतो, म्हणून तुम्ही तोंड खाली ठेवायचं, म्हणजे तो मागं पडद्याला दाबून धरेल. आठवडाभर पालथं राहायचं. जेवायला आणि बाथरूमला उठा, तेव्हाही मान खालीच."

"आणि झोपेत उताणी झाले तर?"

"होऊ नका."

वा! म्हणजे झाली का झोप!

पालथी

घरी आल्यावर प्रज्ञाच्या पप्पांनी नवारीच्या बाजेच्या पट्ट्या डोक्याकडं सैल केल्या, दोन पट्ट्यांमध्ये माझा चेहरा बसेल एवढी फट केली आणि कडेला उशीचा कापूस शिवला. मी पालथी, तोंड फटीत, खाली फरशी. डोळ्यावर पट्टी, चष्मा घालता येईना. डाव्या डोळ्याला फरशी म्हणजे नुसता राखाडी धुरळा.

शेतात दिवसभर वाकून काम करणारी बाई मी, मला वाटलं यात काय मोठं. दुसऱ्याच दिवशी मान तुटायला आली. लोक भेटायला यायचे, मला त्यांचे आवाज ऐकू यायचे. कोणी म्हणायचं डोळ्यात मध घाल, कोणी म्हणायचं शेळीचं दूध. एक नातेवाईक बाई माझ्या डोक्यावर उभी राहून म्हणाली, "आमच्या गावात एकीचा असाच गेला." मी खालून ओरडले, "जा इथून!" ती घरी जाऊन काय बोलली असेल ते बोलू दे.

माझ्या सासूला मी आत्या म्हणते. आत्यांना सुरुवातीला वाटलं, मोतीबिंदूसारखं असेल, दोन दिवसांत बाई उठून भाकरी थापेल. पालथी पडलेली सून बघून त्या कोणाशीतरी कुजबुजल्या, "आता हिचं कसं व्हायचं, पोरीचं कसं व्हायचं." मला ऐकू गेलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

संध्याकाळी बाजेखाली खडखड झाली. आत्या गुडघ्याच्या दुखण्यानं कण्हत फरशीवर बसल्या, मंग आडव्या झाल्या, आणि सरकत सरकत बाजेखाली आल्या. कोपरावर उठून त्यांनी तोंड वर केलं.

"दिसून राह्यली का मी?"

"न्हाई, आत्या. धुरळा."

त्या अजून वर आल्या. अजून. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागला तेव्हा डाव्या डोळ्यात त्यांचं हिरवं गोंदण आलं, कपाळावरचं, आणि मंग सगळा सुरकुतलेला चेहरा. इतकी वर्षं एका घरात राहिलो, इतक्या जवळून मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"आता?"

"दिसल्या."

"मंग जेव," त्या म्हणाल्या. तिथंच पडून त्यांनी मला घास भरवले, अर्धे त्यांच्याच अंगावर सांडले. त्या आठवड्यात त्या माझ्या बाजेला लागून झोपल्या. मी जरा कुशीवर वळले की पाठीवर हात पडायचा.

रेघ

पट्टी निघाली आणि उजव्या डोळ्यानं पाहिलं तर नुसता हलता उजेड. आपला हातसुद्धा ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे तोवर असंच. माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, ते गोड बोलून राह्यलेत. घरी जाऊन मी गोधडीत तोंड घालून रडले, तेपण भीत भीत, कारण रडल्यानं पडदा सुटेल का ते विचारायचं राहून गेलं होतं.

मंग एका सकाळी वरच्या बाजूला एक आडवी रेघ दिसली. रेघेच्या वर स्वच्छ, खाली काळपट पाणी. मान हलली की हंड्यातल्या पाण्यासारखं डुचमळायचं. रेघेच्या वर मला छताचा पत्रा दिसला, आणि पत्र्याचा खिळा! मी ओरडले, सगळे घाबरून धावत आले. रोज रेघ थोडी खाली उतरायची. खिळा, भिंत, खिडकी. प्रज्ञाच्या पप्पांना मी समोर बसवायचे. केस आले. कपाळ आलं. डोळे आले. मिशी आली. हनुवटी आली त्या दिवशी ते दाढी करून बसले होते.

पूर्ण बरं झालं असं लिहिणार नाही. त्या डोळ्यानं सरळ दोरी जराशी वाकडी दिसते. कळीतलं केसर दिसतं, पण पहिल्यासारखं टोचून दिसत नाही. डाव्या डोळ्याचा पडदापण एका ठिकाणी पातळ निघाला, तिथं लेझर मारलं. डॉक्टरांनी सांगितलं, नंबर मोठा आहे, डोळ्याची तपासणी आता आयुष्यभर. परत काळे ठिपके वाढले, चमक दिसली, सावली आली, तर त्याच दिवशी यायचं.

प्रज्ञालापण चष्मा आहे. तीपण पुस्तक नाकाला लावून वाचते, आणि लोक कौतुकानं म्हणायचे, आईवर गेली. आता ते वाक्य ऐकलं की माझ्या काळजात चर्र होतं. तिला जालन्याला नेऊन बाहुली मोठी करून आतून तपासून घेतलं. डॉक्टर बघताना मी त्यांच्या तोंडाकडंच बघत होते, बोलणं बंद होतंय का म्हणून. ते सगळा वेळ तिच्या शाळेबद्दल बोलत राहिले. मी बाहेर येऊन मटकन खाली बसले.

पिवळं कार्ड

पुढच्या हंगामात मी परत भाऊसाहेबांच्या नेटमध्ये गेले. कामाला कमी, बसायला जास्त. दोरे बांधते, नव्या पोरींना कळी कशी धरायची ते दाखवते. खरं सांगू, रोज भीत भीत जाते. सकाळी उठल्यावर आधी एक डोळा मिटून भिंत बघते, मंग दुसरा.

एका सकाळी वाफ्यात वाकले आणि चिलटं उडाली.

काळी. बारीक. बरीच.

मला पुढचं काही सुचेना. डावा डोळा मिटला, दिसली. उजवा मिटला, दिसली. दोन्ही डोळे! म्हणजे आता दोन्ही. जीप, हिरवं कापड, बाज, फरशी, सगळं परत डोळ्यांपुढं आलं. मी डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि हलायचं नाही म्हणून तशीच वाकलेली राहिले.

"गयाबाई," मी म्हटलं. "गयाबाई, इकडं ये. मला चिलटं दिसून राह्यली."

ती आली. या वेळी मी तिला गप बस म्हटलं नाही. तिनं माझ्यासमोर बघितलं, डोळे बारीक केले. "काय समजून न्हाई राह्यलं गं."

"चष्मा घाल! बाई, तुझ्या पाया पडते, चष्मा घाल!"

तिनं गळ्यातल्या दोरीचा चष्मा शोधला, पदरानं पुसला, एक कान, दुसरा कान. माझा जीव त्या दोन कानांत अडकला होता. मंग तिनं वर टांगलेलं पिवळं कार्ड काढलं आणि हात लांब करून धरलं.

भाऊसाहेब धावत आले. "काय झालं? काहून वाकली ही?"

गयाबाई कार्डाकडं बघत होती. बोलेना. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"भाऊ," ती म्हणाली, "कार्ड भरलंय तुमचं. फवारा आणा."

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. मी खाली मातीत बसले आणि हसायला लागले, रडायला लागले, काय ते मला सांगता येत नाही. ते चिडले. "रंजनाबाई, माझं पीक खाऊन राह्यलेत ते, अन् तुम्ही हसता?"

"गयाबाई, परत सांग," मी म्हटलं. "खरंच हायत का?"

ती माझ्याशेजारी वाफ्यात बसली. चष्मा तसाच नाकावर, कार्ड माझ्या डोळ्यांसमोर धरलेलं.

"हायत गं बाई, हायत. मलापण दिसून राह्यलेत."